०-५-४ चा अर्थ कुणाला विचारायचा?

जमिनीच्या जुन्या वाटणीपत्रात भावांच्या नावापुढे कधी कधी '०-५-४' असे आकडे दिसतात. आज तिशीत असलेल्या, हिशेबात पक्क्या माणसालाही त्यातून काही उलगडत नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाला मात्र हे नुसतं वाचून दाखवलं तरी तो म्हणतो, "तिघं भाऊ असणार." पाच आणे चार पै म्हणजे रुपयाचा बरोबर तिसरा हिस्सा. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्यांचा तिसरा भाग ६४ पै, तेच पाच आणे चार पै. सगळी मिळकत एक रुपया धरायची आणि ज्याचा त्याचा वाटा आणे-पैत लिहायचा, अशी रीत होती. चौघे भाऊ असले तर प्रत्येकाला ०-४-०, दोघे असले तर ०-८-०.

एके काळी शाळकरी पोराला येणारी ही गोष्ट दोन पिढ्यांत दिसेनाशी झाली. हल्लीच्या मुलांना काही माहीत नसतं, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. मला ती तक्रार अन्यायाची वाटते. साधारण १९४८ ते १९६४ या काळात मराठी माणसाच्या रोजच्या वापरातली नाणी, वजनं, लिपी आणि राज्याच्या हद्दी, सगळंच बदललं. जे रोज हाताळायचं तेच बदललं, की ते शिकवायचं कारण उरत नाही. कागद मात्र जुन्याच हिशेबात लिहिलेले राहतात आणि घरातली म्हातारी माणसं जुन्याच हिशेबात बोलत राहतात. ही दरी नेमकी कुठे कुठे पडली, ते इथे पाहू.

रुपया शंभराचा झाला

१ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत्या. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. नव्या पद्धतीत रुपयाचे १०० पैसे झाले. जुन्या आणि नव्या पैशाचा घोळ होऊ नये म्हणून नव्याला 'नया पैसा' म्हणायचं ठरलं. १ जून १९६४ पासून त्यातला 'नया' गळला.

काही वर्षं दोन्ही नाणी बाजारात एकत्र चालत होती. खरी अडचण होती ती आण्याची. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, आणि सव्वासहाचं नाणं असणं शक्यच नव्हतं. म्हणून एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नये पैसे धरले जात. एक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे पडत आणि एकदम चार घेतल्या तर २५. त्या काळातली माणसं आजही हा फरक तोंडपाठ सांगतात, कारण तो त्यांनी वाण्याच्या दुकानात उभं राहून अनुभवलेला आहे.

पावली आणि अधेली नव्या पद्धतीत चपखल बसल्या, २५ आणि ५० पैसे म्हणून. त्यामुळे 'चार आणे', 'आठ आणे' हे बोलणं पुढे पन्नासेक वर्षं टिकलं. चवली मात्र लगेच गेली, कारण दोन आण्यांना साडेबारा पैशांचं नाणं नव्हतं. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. आज विशीत असलेल्या मुलाने चार आणे कधी खर्च केलेले नाहीत. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण त्याला ऐकून माहीत असते, पण चार आणि बारा मिळून पुरा रुपया होतो, हा त्यातला हिशेब त्याच्यापर्यंत पोचत नाही.

बदल करायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दशमान पद्धतीने बेरीज-वजाबाकी सोपी झाली आणि कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक अवघड झाली. पण १९२ ला तिनाने भाग जातो आणि १०० ला जात नाही, हेही खरं आहे. तिघांत रुपया वाटताना जुन्या पद्धतीत काहीच उरत नसे, नव्यात एक पैसा उरतो. वाटणीपत्रं आणि खातेवह्या आण्यांत का लिहिल्या जात, याचं एक कारण या भागाकारात आहे.

आणा सरकारी कामातही लवकर मेला नाही. पिकाचा अंदाज बांधायच्या पद्धतीला 'आणेवारी' म्हणत. आता तिला 'पैसेवारी' म्हणतात, पण जुनी माणसं आणि कित्येक वार्ताहर अजून आणेवारीच म्हणतात. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो, हा निकष वर्षानुवर्षं वापरला गेला. शहरात वाढलेल्या वाचकाला 'पैसेवारी ४७ पैसे' ही बातमी बाजारभावाची वाटू शकते. ती खरं तर शेतात किती पिकलं याची असते.

पावकी, निमकी, औटकी

जुन्या शाळेत पाढे फक्त पूर्ण संख्यांचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, हे सगळं रोज संध्याकाळी परवचा म्हणताना घोकावं लागे. आज हे ऐकून मुलांना त्या पिढीची दया येते. पण ते पाठांतर कामाचं होतं.

एक हिशेब जवळून बघू. साखर साडेतीन आणे शेर आहे आणि अडीच शेर घ्यायची आहे. किती झाले? औटकी येणारा मुलगा दोनदा साडेतीन सात आणि वर निम्मे पावणेदोन, असं करत बसत नसे. 'अडीच औटे पावणेनऊ' हे त्याला पाठच असे. पावणेनऊ आणे म्हणजे आठ आणे तीन पैसे. कागद नाही, पेन्सिल नाही.

याहून सुंदर एक आडाखा व्यापाऱ्यांकडे होता. मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळीसला सोळाने भागलं की अडीच येतात. म्हणून मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. गूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेर गूळ बारा आण्यांना. जिथे सोळा पायल्यांचा मण होता तिथे तर आणखी सोपं: मणाला जितके रुपये, पायलीला तितके आणे. वजनाची आणि पैशाची मापं एकमेकांना अशी जोडलेली होती. १९५७ नंतर हा सांधा निखळला आणि पावकी-औटकीचं काम संपलं. पुढे काही वर्षं त्या सवयीने शिकवल्या गेल्या, मग पाठ्यक्रमातून गेल्या. बिनकामाचं पाठांतर म्हणून त्या आज हसण्यावारी नेल्या जातात, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्यामागचं काम गेलं, म्हणून त्या बिनकामाच्या दिसतात.

दंड मोजायचा

जुन्या पुस्तकावर 'किंमत १।' किंवा 'किंमत १॥' असं छापलेलं असतं. आजचा वाचक त्या उभ्या रेघांना विरामचिन्ह समजतो, नाहीतर एक आणि अकरा असं वाचतो. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन, २॥ म्हणजे अडीच. जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत आणि पाककृतींच्या टिपणांत हे दंड पानोपानी आढळतात. आईच्या किंवा आजीच्या हातच्या वहीत 'साखर १॥ वाटी' असेल आणि नात ती अकरा-बारा वाट्यांच्या विचारात पडली असेल, तर दोष दोघींपैकी कुणाचाच नाही.

पायली भरायची आणि तोळा तोलायचा

वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. किलो, लिटर आणि मीटर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२ पर्यंत बाजारात किलोची वजनं सक्तीची झाली. शेर, मण आणि तोळे अधिकृतपणे गेले. ८० तोळ्यांचा वजनी शेर किलोपेक्षा थोडा हलका होता, सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्यामुळे 'शेर म्हणजे किलोच की' असं सहज म्हटलं जातं आणि भाजीबाजारात 'पावशेर' अजून चालतं. पण इथे एक मोठा गैरसमज दडलेला आहे.

महाराष्ट्रातल्या खेड्यात धान्य बहुतेक तोललं जात नसे, भरलं जाई. शेर दोन होते: एक वजनाचा आणि एक मापाचा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. ही सगळी भांडी होती. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तीळ यांचं वजन एक भरत नाही. शिवाय माप कसं भरलं हेही महत्त्वाचं. काठाला सपाट करून दिलं, की वर धान्याची शीग चढवून दिलं? बलुतेदाराला मिळणारं धान्य सपाट मापाचं की शिगेचं, यावर त्याचं वर्ष कसं जाणार ते ठरे. एका गावची पायली शेजारच्या गावच्या पायलीशी जुळेलच असंही नव्हतं. म्हणून 'वर्षाला दोन खंडी जोंधळा व्हायचा' असं आजोबांनी सांगितलं, की लगेच त्याचे क्विंटल करायला जाऊ नये. खंडी कुठली, किती मणांची, किती पायल्यांचा मण, हे त्यांनाच विचारावं. आठवडी बाजारात म्हाताऱ्या बाया अजूनही शेंगा, बोरं नाहीतर हुलगे मापट्याने देतात. ते भांडं हातात घेऊन बघण्यासारखं असतं.

सोन्याच्या बाबतीत हीच गफलत पैशाची होते. जुना तोळा ९६ गुंजांचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे बोली तोळा १० ग्रॅमचा धरतात. आजीने लग्नाच्या वेळच्या दागिन्यांची यादी करून ठेवली असेल आणि त्यात 'पाटल्या ५ तोळे' असेल, तर यादी कोणत्या काळातली यावर पाटल्यांचं वजन ५८ ग्रॅम की ५० ग्रॅम हे ठरतं. आठ ग्रॅमचा फरक आजच्या भावाने लहान नाही. बहिणींमध्ये वाटणीच्या वेळी अशा चिठ्ठीवरून मनं दुखावली जाऊ शकतात आणि कुणी काही लांबवलेलं नसतं. दोघी दोन वेगळ्या तोळ्यांबद्दल बोलत असतात.

जमिनीचं तसं बरं आहे. एकराचे ४० गुंठे आणि गुंठ्याचे १६ आणे. गुंठा ३३ फूट लांब-रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात. एक आर १०० चौरस मीटरचा आणि एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, इतके ते जवळ आहेत. त्यामुळे गुंठा बोलण्यातून गेला नाही आणि लवकर जाईल असं वाटत नाही.

मोडी

सगळ्यांत खोल दरी लिपीची आहे. यादवकाळापासून मराठीचा सरकारी, व्यापारी आणि घरगुती व्यवहार मोडी लिपीत चाले. देवनागरीला बाळबोध म्हणत आणि ती मुख्यतः पोथ्या-ग्रंथांसाठी असे. छपाई वाढली तशी बाळबोध पुढे आली आणि १९५० च्या सुमाराला मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून जवळपास नाहीशी झाली. आज पंचाऐंशीच्या पुढचं एखादंच माणूस शाळेत मोडी शिकलेलं भेटतं.

मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत अंतर सोडायचं नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहायला वेगवान, वाचायला अवघड. अक्षरं चार-सहा आठवड्यांत शिकता येतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आता पेशव्यांचं पत्र वाचता येईल. तिथे पुढचा अडसर उभा राहतो. 'मु॥' म्हणजे मुक्काम, अशी शब्दांची संक्षिप्त रूपं ओळीओळीला येतात. तारखेआधी 'छ' असतो, म्हणजे चंद्र, आणि पुढे महिना असतो रबिलावल किंवा जमादिलाखर. पेशवाईतल्या पत्रांत महिने हिजरी आणि साल बहुधा सुहूर असे. तेही आकड्यांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत. सुहूर सालात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. शक असेल तर ७८ मिळवायचे, आणि तारीख जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आतली असेल तर ७९. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ अशा रीतीने १६७४ होतो.

हे ज्ञान फक्त इतिहास संशोधकांच्या उपयोगाचं आहे, असं २०२३ पर्यंत पुष्कळांना वाटत होतं. त्या वर्षी मराठा समाजातल्या कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुने दस्त उघडले गेले. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांचे दाखले, महसुली कागद. त्यातला मोठा भाग मोडीत होता. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय यावर पणतूचं प्रमाणपत्र अवलंबून आणि घरातल्या कुणालाही ते अक्षर लागत नाही, अशी वेळ हजारो घरांवर आली. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. आपल्याच पूर्वजांनी आपल्याच भाषेत लिहिलेला कागद वाचायला तिऱ्हाइताकडे जावं लागणं, ही गोष्ट मला फार लागते.

पुण्याचं पेशवे दफ्तर, वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि महाराष्ट्राबाहेर तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय, इथे मोडी कागदांचे ढीग आहेत. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ साली संपलं, पण तिथल्या दरबाराचा कारभार आजही मोडीतच वाचावा लागतो. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली, त्यामुळे ती आता संगणकावर लिहिता येते. हाताने लिहिलेली वाचायला मात्र अजून माणूसच लागतो.

पुण्याचे आजोबा आणि परभणीचे आजोबा

दरी फक्त पिढ्यांमध्ये असते असं समजणं चूक आहे. एकाच वयाची दोन मराठी माणसंही वेगवेगळ्या जगात वाढलेली असू शकतात.

पुण्यात १९३५ साली जन्मलेल्या माणसाला १५ ऑगस्ट १९४७ चा दिवस आठवतो. परभणीत जन्मलेल्याला तो दिवस आठवतो, पण स्वातंत्र्य म्हणून नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे तिरंगा फडकवणं गुन्हा होता आणि निजामाच्या बाजूच्या रझाकारांची दहशत होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा आणि मग लष्करी कारवाई झाल्यावर १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा रुपये म्हणजे हाली सात. म्हणून मराठवाड्यातल्या जुन्या दस्तात नुसतं 'रुपये' असेल, तर कोणते, हे पाहावं लागतं. कारभाराची भाषा उर्दू आणि साल फसली. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. महिन्यांची नावं आजूर, दय, बहमन अशी फारसी. लातूर-नांदेडकडच्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला उर्दूत असतो आणि नातवंडांपैकी एकालाही तो वाचता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सांगितलं की तो चकित होतो, आणि मला त्याच्या चकित होण्याचं नवल वाटत नाही. शाळेच्या इतिहासात हा भाग फार धावता येऊन जातो.

विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि नंतर मध्य प्रदेशात होता. नागपूर तिथली राजधानी होती. तिथल्या वडीलधाऱ्यांची मालगुजाराबद्दलची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराबद्दलची, आठवण साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगावी लागते.

गोव्याचं आणखी वेगळं. तिथे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज राज्य होतं. रुपया तिथेही सोळा भागांचाच होता, पण त्या भागाला टांगा म्हणत. १९५८ च्या सुमारास त्याच्या जागी एस्कुदो आला, एका रुपयाला सहा या दराने. मुक्तीनंतर भारतीय रुपया आला. म्हणजे पेडण्यातल्या एखाद्या आजीने तरुणपणीच तीन चलनं हाताळलेली असतात. घरजमिनीचे कागद पोर्तुगीजमध्ये, बोलणं कोकणीत, वाचन मराठीत आणि नातवंडांचं शिक्षण इंग्रजीत. तिच्या नातवाला जुने कागद कळत नाहीत, त्याचं कारण पुण्याच्या नातवाच्या कारणापेक्षा निराळं आहे.

जन्मसाल विचारलं तर

"तुमचा जन्म कधीचा?" या प्रश्नाला खेड्यातल्या कित्येक वृद्धांकडून तारीख येत नाही, घटना येते. मानमोडीच्या साथीनंतरचा, म्हणजे १९१८ नंतरचा, असं सांगणारी पिढी आता गेली. पण 'पानशेत फुटलं तेव्हा मी पोटात होते' असं म्हणणाऱ्या बायका अजून आहेत. ते धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३. आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारी खूण १९७२ च्या दुष्काळाची. त्या काळात खाल्लेली लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं, हे ज्यांनी भोगलं त्यांच्या बोलण्यात 'बहात्तर' हा आकडा नुसता येतो, शतक सांगायची गरज त्यांना वाटत नाही. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तो याच अनुभवातून, हे नातवाला ठाऊक नसतं. त्याला रोजगार हमी ही एक सरकारी योजना म्हणून माहीत असते.

कागदावरच्या तारखांचीही एक गंमत वाटावी अशी पण खरी गोष्ट आहे. असंख्य वृद्धांची जन्मतारीख १ जून असते. शाळा जूनमध्ये सुरू होई आणि जन्माची नोंद नसलेल्या मुलाचं वय अंदाजाने ठरवून गुरुजी १ जून लिहून टाकत. कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याने ती तारीख जन्माची धरू नये. घटना विचारावी आणि त्यावरून साल काढावं.

दुसऱ्या बाजूने

आजोबांना जे ठाऊक आहे ते नातवाला नाही, तसंच उलटही आहे. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, क्यूआर कोडने पैसे देताना पिन कधी टाकावा लागतो आणि पैसे घेताना तो कधीच लागत नाही, हे बारा वर्षांच्या मुलाला कळतं. आयुष्यभर औटकीने हिशेब केलेल्या माणसाची बँकेतली रक्कम एका फोनवर जाते, कारण ही गोष्ट त्याला कुणी बसून सांगितलेली नसते.

अंकांच्या नावांत तर दरी अगदी समोरासमोर दिसते. आजी 'एकोणऐंशी' म्हणते आणि इंग्रजी माध्यमातला नातू थांबतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा राज्यभर वाद झाला. मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात हे शिक्षकांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण 'एकोणऐंशी' न समजणारं मूल आजीशी बाजारहाटीचंही बोलू शकत नाही, म्हणून मला दोन्ही यायला हवीत असंच वाटतं.

विचारायचं कसं

१९५७ साली दहा वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशीला टेकला आहे. दोन्ही पद्धती ज्यांनी स्वतः हाताळल्या, त्यांतली ही शेवटची माणसं. त्यांना "जुन्या काळाबद्दल सांगा" म्हटलं तर ते 'तेव्हा फार स्वस्ताई होती' एवढं सांगून थांबतात. प्रश्न वस्तूला धरून विचारला की उत्तर उघडतं. रुपयाला किती शेर तांदूळ यायचे? गावात पहिल्यांदा किलोची वजनं कुणी आणली, आणि लोकांना त्यात फसवणूक वाटली का? पहिला पगार आण्यांत मोजला की पैशांत? शाळेत मोडीचा तास होता का? तुमचं गाव तेव्हा कोणत्या राज्यात होतं? तुमच्या घरची पायली किती शेरांची? माप घरात असेल तर काढून आणायला सांगावं, त्यात ज्वारी भरून घरच्या काट्यावर तोलावी आणि आलेला आकडा लिहून ठेवावा.

घरात मोडी, उर्दू किंवा पोर्तुगीज कागद असतील तर ते लॅमिनेट करू नयेत आणि त्यांना चिकटपट्टी लावू नये. दोन्हींनी जुना कागद कायमचा खराब होतो. दिवसाच्या उजेडात, सावलीत ठेवून फोटो काढावेत, मागची बाजूही सोडू नये, कारण शेरे आणि सह्या बहुधा तिथेच असतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत वाचून देणारी माणसं भेटतात. फोटोच्या नावात गाव, तालुका आणि सर्व्हे नंबर घालावा. नक्कल करताना कागदावर '४ आणे' असेल तर '४ आणे' असंच उतरवावं, २५ पैसे करू नयेत. '५ तोळे' असेल तर ग्रॅम कंसात आणि वेगळ्या शाईने लिहावेत, म्हणजे मूळ कोणतं आणि आपली भर कोणती हे पुढच्या वाचणाऱ्याला कळेल.